न्यूमोनियात कर्ब-६५, पीएसआय की स्मार्ट-कॉप? कुठला स्कोअर कधी आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी तुमची मेडिसिनची ओपीडी, २९ वर्षांचा मुलगा तीन दिवसांचा ताप आणि खोकला घेऊन आला, श्वास मिनिटाला ३२, नाडी १२८, बीपी १०४/६६, ऑक्सिजन ९१, एक्सरेत दोन्ही बाजूला डाग, प्लेटलेट ९२ हजार. न्यूमोनिया किती गंभीर ते मोजणारा कर्ब-६५ स्कोअर काढला तर एकच पॉइंट, म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवला आणि तिसऱ्या दिवशी तो दुसरीकडे व्हेंटिलेटरवर गेला. वाचला, हे फार बरं झालं. आता तुम्ही विचारताय की स्कोअर चुकला की मी चुकलो, आणि यापुढे नेमका कुठला स्कोअर वापरायचा.

मी गेली बावीस वर्षं छातीच्या आजाराचंच काम करतोय, त्यातली बरीचशी जिल्ह्याच्या गावात, त्यामुळे पुस्तकातलं आणि टेबलापलीकडच्या खुर्चीतलं असं दोन्ही मिळून सांगतो. पहिलं म्हणजे स्कोअर चुकला नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने बरोबर उत्तर दिलं, पण तुम्हाला विचारायचं होतं वेगळंच. कर्ब-६५ आणि पीएसआय (न्यूमोनिया सिव्हिरिटी इंडेक्स) दोन्ही सांगतात की असा पेशंट येत्या ३० दिवसांत दगावण्याची शक्यता किती. या पेशंटला उद्या ऑक्सिजन लागेल का, आयसीयू लागेल का, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नव्हता. २९ वर्षांचं निरोगी हृदय आणि निरोगी किडनी असलेला मुलगा फार आजारी पडूनही चांगल्या उपचाराने बहुतेक वेळा वाचतो, म्हणून मृत्यूचा स्कोअर त्याला कमीच मार्क देणार. पण तो वाचतो कुठे, तर आयसीयूत वाचतो, घरी गोळ्या खाऊन नाही. हा फरक डोक्यात पक्का बसला ना की पुढचं सगळं सोपं होतं.

हे स्कोअर आले कुठून ते बघा, म्हणजे लक्षात येईल. पीएसआय आला १९९७ साली अमेरिकेतून, चौदा हजारावर पेशंटच्या माहितीवरून बनवला आणि मग अडतीस हजारांवर तपासून घेतला. त्यांची अडचण होती की न्यूमोनिया म्हटलं की सगळे ॲडमिट, मग त्यातले घरी पाठवण्यासारखे कोण ते शोधायचं होतं. म्हणजे हा स्कोअर जन्मालाच आला तो कमी धोक्याचे पेशंट ओळखायला, आणि ते काम तो फार छान करतो. २००० साली कॅनडात १९ हॉस्पिटलमध्ये करून बघितलं तेव्हा पीएसआय धरून चालणाऱ्या हॉस्पिटलांत कमी धोक्याच्या पेशंटपैकी ३१ टक्के ॲडमिट झाले आणि नेहमीसारखं काम करणाऱ्यांत ४९ टक्के, आणि पेशंटचं त्यात काही नुकसान झालं नाही. कर्ब-६५ ची गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. ब्रिटिश लोकांनी १९८७ पासूनच युरिया, श्वास आणि खालचं बीपी या तिघांवरून गंभीर पेशंट ओळखायचा प्रयत्न चालवला होता, त्यात गोंधळलेपणा आणि वय घालून २००३ मध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्स मिळून १०६८ पेशंटवरून हा पाच पॉइंटचा स्कोअर तयार झाला. शून्य असेल तर मृत्यू शंभरात एकापेक्षा कमी, १ ला तीन, २ ला तेरा, ३ ला सतरा, ४ ला एकेचाळीस-बेचाळीस, ५ ला सत्तावन्न. शून्य-एक घरी, दोन म्हणजे विचार करून थोडक्यात ॲडमिट, तीन आणि पुढे गंभीर, हे सगळ्यांना पाठ असतं.

आता तुमच्याच पेशंटवर तीन स्कोअर लावून बघू. कर्ब-६५: श्वास ३० च्या वर म्हणून १, बाकी काही नाही. पीएसआय: वयाचे २९, श्वासाचे २०, नाडी १२५ च्या वर म्हणून १०, बेरीज ५९, म्हणजे पाचांपैकी दुसरा वर्ग, मृत्यूची शक्यता हजारात सहा-सात. ऑक्सिजन ९१ ला पीएसआय काहीच देत नाही, कारण त्याची रेघ ९० च्या खाली आहे. आता स्मार्ट-कॉप लावा, हा २००८ साली ऑस्ट्रेलियातून आला आणि हा नेमका तुमचाच प्रश्न विचारतो की याला श्वासाचा आधार किंवा बीपीची औषधं लागतील का. एकापेक्षा जास्त लोबमध्ये (फुप्फुसाच्या भागांत) डाग, १. पन्नाशीच्या आतल्या माणसाचा श्वास २५ किंवा जास्त, १. नाडी १२५ च्या वर, १. पन्नाशीच्या आत ऑक्सिजन ९३ किंवा कमी, २. झाले पाच, आणि अजून अल्ब्युमिन आणि पीएच बघितलेलाच नाही. पाच-सहा स्कोअरला साधारण तिघांतल्या एकाला आयसीयूतला आधार लागतो. एकाच मुलाला एक स्कोअर म्हणतो घरी जा आणि दुसरा म्हणतो आयसीयू जवळ ठेवा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

चौथी एक गोष्ट तुमच्या हातात होती आणि ती वापरायला बेरीजसुद्धा लागत नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि इन्फेक्शस डिसीजेस सोसायटीचे २००७ चे मायनर निकष: श्वास ३० किंवा वर, दोन-तीन लोबमध्ये डाग, गोंधळ, युरिया वाढलेला, पांढऱ्या पेशी चार हजाराच्या खाली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, अंग थंड म्हणजे ३६ च्या खाली, भरपूर सलाईन लागावं इतकं बीपी कमी, आणि ऑक्सिजनचं पीएफ प्रमाण (रक्तातला ऑक्सिजन भागिले श्वासातून दिलेला ऑक्सिजन) २५० किंवा कमी. नऊपैकी तीन जुळले की गंभीर न्यूमोनिया. तुमच्या मुलाचे श्वास, दोन्ही बाजूचे डाग आणि प्लेटलेट, तीन जुळतात बघा. ते ९२ हजार रिपोर्टवर छापलेले होते, पण कर्ब-६५ मध्ये प्लेटलेटचा रकाना नाही म्हणून नजर तिथे थांबली नाही. २०१९ च्या त्यांच्या गाइडलाइनमध्ये पण हेच सांगितलंय की ॲडमिट करायचं की नाही ठरवताना पीएसआय आणि आपला अंदाज दोन्ही वापरा, पण वॉर्ड की आयसीयू ठरवताना हे निकष बघा, पीएसआय आणि कर्ब त्या कामाचे नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी प्रश्न ठरवा आणि मग स्कोअर उचला, घरी पाठवू का याला पीएसआय किंवा कर्ब, आयसीयू लागेल का याला मायनर निकष किंवा स्मार्ट-कॉप.

पण खरं सांगू का, कुठला स्कोअर यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती त्यात घातलेल्या आकड्यांची. वॉर्डात टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) उघडून बघा, सगळ्यांचा श्वास १८ नाहीतर २०. दमेकरी, हार्टवाला, हाड मोडलेला, सगळे २०. एकदा रात्रीच्या राउंडला सत्तरीचे एक शेतकरी बाबा होते, चार्टवर श्वास २०, मी कॉटजवळ खुर्ची ओढून बसलो, नाडी बघतोय असं दाखवून मनगट त्यांच्याच पोटावर ठेवलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं तर ३६. श्वास खोल नव्हता, उथळ होता, घाईघाईचा, आणि बाबा बोलताना "हो... डॉक्टर" एवढं म्हणून थांबत होते. त्या एका मिनिटाने त्यांचा कर्ब दोनवरून तीन झाला आणि ते वॉर्डातून हलले. तेव्हापासून मी माझ्या रेसिडेंटना सांगतो की श्वास पूर्ण साठ सेकंद मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण पंधरा सेकंदांत एक श्वास इकडचा तिकडे झाला की मिनिटाला चारचा फरक पडतो, आणि पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की तो श्वास सांभाळून घेतो. हे चारही स्कोअर आठवा, प्रत्येकात श्वास आहे, आणि सगळ्यात कमी काळजीने मोजलेला आकडा तोच असतो याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा आकडा युरिया. इथे आपल्याकडे एक मोठा घोळ होतो आणि तो मी इतक्या वेळा बघितलाय की मुद्दाम सविस्तर सांगतो. मूळ कर्ब-६५ मध्ये युरिया ७ मिलिमोलच्या वर. अमेरिकन कॅल्क्युलेटर विचारतात बीयूएन, म्हणजे युरियातलं फक्त नायट्रोजन, आणि तिथे रेघ १९ च्या वर. आपल्या बऱ्याच लॅब देतात ब्लड युरिया, मिलिग्रॅममध्ये. ब्लड युरिया म्हणजे बीयूएनच्या २.१४ पट, म्हणजे ७ मिलिमोल हे ब्लड युरियात ४२ च्या आसपास येतं. आता रिपोर्टवर युरिया ३४, अगदी नॉर्मल, मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि बीयूएनच्या रकान्यात ३४ टाकलं की एक पॉइंट फुकट मिळाला, पीएसआयमध्ये तर ३० ची रेघ आहे, तिथे एकदम २० मार्क वाढले. बीयूएन ३० म्हणजे ब्लड युरिया ६४. असे नुसत्या ४० युरियावर "पीएसआय चौथा वर्ग" लिहिलेले कागद माझ्याकडे आलेत. तेव्हा आपल्या लॅबचा रिपोर्ट काय देतो ते एकदा विचारून टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी ठेवा: ब्लड युरिया ४२ च्या वर असेल तर कर्बचा पॉइंट.

तिसरं गोंधळलेपण. मूळ स्कोअरमध्ये यासाठी दहा प्रश्नांची ब्रिटिश चाचणी आहे, आठ किंवा कमी आले की पॉइंट, किंवा मग माणूस, जागा, वेळ यांचं भान नव्याने सुटलेलं असलं तरी चालतं. त्या दहा प्रश्नांत पहिलं महायुद्ध कोणत्या साली सुरू झालं आणि आत्ता राजा किंवा राणी कोण, असे प्रश्न आहेत. आपल्या ऐंशी वर्षांच्या शाळेत न गेलेल्या आजींना हे विचारून काय कळणार, त्यांना तर स्वतःची जन्मतारीखही कधी माहीत नव्हती, जन्म झाला तेव्हा दुष्काळ होता एवढंच माहीत. मी विचारतो की आजी कुठल्या गावच्या, आत्ता कुठे आहात, बरोबर कोण आलंय, परवा कुठला सण झाला, थोरल्या नातवाचं नाव काय, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरच्यांकडे वळून विचारतो की या नेहमी अशाच असतात का. एका आजींच्या कागदावर लिहिलेलं होतं शुद्धीत, भान व्यवस्थित. सून हळूच म्हणाली, "डॉक्टर, आई कालपासून मला नणंदेच्या नावाने हाक मारतायत, आणि दुपारी जेवल्या तरी विचारतात जेवण कधी वाढणार." तो होता पॉइंट. आणि लक्षात ठेवा की म्हातारी माणसं बडबड करूनच गोंधळतात असं नाही, जास्त वेळा ती गप्प होतात, जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, आणि घरचे म्हणतात थकलीये म्हणून झोपलीये.

बीपीबद्दल एवढंच की कर्बमध्ये खालचं बीपी ६० किंवा कमी असलं तरी पॉइंट आहे, आणि आपल्याकडे बारीक अंगाच्या बायकांचं नेहमीचंच १००/६० असतं, तेव्हा जुने कागद बघा. त्याच्या उलट नेहमी १६०/९० असणाऱ्या बीपीच्या पेशंटचं ११० झालं तर स्कोअरला काहीच दिसत नाही पण तुम्हाला दिसलं पाहिजे.

आणि पीएसआय वापरणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, शब्दाची आहे पण त्यापायी चुका होतात. त्यात "नर्सिंग होममध्ये राहतो का" असं विचारतात आणि हो म्हटलं की दहा मार्क. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे वीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल, त्यामुळे पेशंट दुसऱ्या नर्सिंग होममधून रेफर होऊन आला की रेसिडेंट बिनधास्त "हो" करतो. तिथे अर्थ आहे कायमचा सांभाळ लागणाऱ्या म्हाताऱ्यांची राहण्याची जागा, म्हणजे आपल्या भाषेत वृद्धाश्रमाच्या जवळचं काहीतरी. चार दिवस हॉस्पिटलात होता म्हणून ते दहा मार्क द्यायचे नाहीत.

स्कोअरला जे माहीतच नाही ते आता सांगतो. डायबेटीस कर्ब-६५ मध्ये नाही, पीएसआयमध्ये फक्त साखर २५० किंवा वर असली तर दहा मार्क आहेत, दहा वर्षांचा डायबेटीस आहे की नाही हे तो विचारत नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांचा जुनाट आजार, दोन्हींत नाही. आपल्या ओपीडीत न्यूमोनिया घेऊन येणारी निम्मी माणसं या दोन्हींपैकी एक काहीतरी घेऊन येतात असं मला वाटतं, तेव्हा हे डोक्यात ठेवूनच आकड्याकडे बघायचं. टीबीचे पेशंट आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले पेशंट कर्बच्या मूळ अभ्यासातून वगळलेले होते, आणि आपल्याकडे न्यूमोनिया म्हणून आलेल्या माणसाला टीबी निघणं काही नवलाचं नाही, म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन उतरलेलं, वरच्या लोबमध्ये डाग असेल तर आधी थुंकी पाठवा आणि लगेच लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू करू नका, टीबीवर ते अर्धवट लागू पडतं, चार दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर पुढे जातं. एचआयव्ही, केमोथेरपी, जास्त दिवस स्टेरॉइड, गरोदर बाई, यांना हे स्कोअर लावून घरी पाठवायचा निर्णय घेऊ नका. आणि लहान मुलांना तर अजिबात नाही, त्यांचं गणित वेगळं, तिथे वयानुसार श्वास मोजायचा, दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०, आणि छाती आत ओढली जाते का, दूध पितंय का हे बघायचं.

पावसाळ्यात अजून एक. ताप, दोन्ही बाजूला डाग आणि प्लेटलेट कमी असं दिसलं की न्यूमोनियाचा स्कोअर काढत बसण्याआधी डेंग्यू, लेप्टो, स्वाइन फ्लू, स्क्रब टायफस यांचा विचार करायला लागतो, कोकणात आणि गोव्यात भाताच्या शेतात काम करणारा डायबेटीसवाला असेल तर मेलिओइडोसिस या मातीतल्या जंतूच्या आजाराचासुद्धा. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने तरुण मुलं आणि गरोदर बायका कशा झपाट्याने खालावल्या ते ज्यांनी बघितलंय ते तरुण पेशंटच्या कमी स्कोअरवर निर्धास्त राहू शकत नाहीत. मी तरी राहत नाही.

ऑक्सिजनचं बोलू. कर्ब-६५ मध्ये ऑक्सिजन नाही आणि आज ही मला त्याची सगळ्यात मोठी उणीव वाटते. आपल्या इंडियन चेस्ट सोसायटीच्या २०१२ च्या गाइडलाइनने म्हणूनच रक्त तपासणी न लागणारा सीआरबी-६५ घ्यायला सांगितला आणि जोडीला पल्स ऑक्सिमीटर ठेवायला सांगितला, ते फार शहाणपणाचं होतं. सीआरबी-६५ म्हणजे कर्बमधून युरिया काढून टाकलेला, शून्य आला तर मृत्यू शंभरात एकाच्या आसपास, एक-दोनला आठ, तीन-चारला एकतीस. प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्री दहा वाजता, लॅब बंद असताना, मनगटावरचं घड्याळ, बीपीचं मशीन आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर एवढ्यावर हे सगळं होतं. फक्त ऑक्सिमीटर नीट लावा, नेलपॉलिश काढा, बोट थंड असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, आणि काळ्यासावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो हे लक्षात ठेवून ९१-९२ ला ठीक आहे म्हणू नका. कोविडमध्ये सहा मिनिटं चालायची टेस्ट घराघरात पोचली, ती तिथेच सोडून देऊ नका, घरी पाठवायच्या आधी पेशंटला पॅसेजमध्ये चालवा. बसल्या जागी ९५ आणि दोन फेऱ्यांत ९० असा माणूस मी घरी पाठवत नाही, त्याचा कर्ब शून्य असला तरी. बसल्या जागीच ९१ असेल तर चालवूच नका, तो ॲडमिटच आहे.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत चूक बरोबर उलटी होते. ८४ वर्षांचे आजोबा, ताप, एका बाजूला छोटासा डाग, श्वास २२, ऑक्सिजन ९६, भान चांगलं, चहा-बिस्किट खाल्लेलं. पीएसआयमध्ये वयाचेच ८४ आणि तेवढ्यावर तिसरा वर्ग, कर्ब १. पासष्टीच्या वरच्या कुणाचाही कर्ब शून्य येऊच शकत नाही, म्हणून एक आला म्हणजे धोका, असं करून सगळ्यांना कॉटवर टाकू नका. हॉस्पिटलात ठेवलं की रात्री भान जातं, उठून पडतात, कॅथेटर लागतो आणि त्याचा वेगळा ताप येतो. सुशिक्षित मुलगा घरी असेल, हॉस्पिटल दहा मिनिटांवर असेल, तोंडाने औषध जात असेल तर असे आजोबा घरी छान बरे होतात. पण तेच आजोबा चाळीस किलोमीटरवरच्या वाडीत बायकोबरोबर दोघंच राहत असतील, संध्याकाळी सहानंतर एसटी नसेल, तर त्यांना ठेवून घ्यायचं. हे कुठल्याच स्कोअरमध्ये नाही आणि ॲडमिशनचं कारण म्हणून ते पूर्ण पुरेसं आहे, कागदावर तसं स्पष्ट लिहा, विमा असेल तर टीपीएवाले विचारतात तेव्हा स्कोअर आणि त्याच्या पुढचं हे एक वाक्य दोन्ही कामाला येतं.

स्कोअर एकदाच काढून ठेवायचा नसतो हेही सांगायला हवं. ओपीडीत काढलेला स्कोअर त्या क्षणाचा. ॲडमिट पेशंटचा मी चार-सहा तासांनी पुन्हा बघतो, निदान श्वास, भान, ऑक्सिजन आणि लघवी. श्वास २४ चा २८ झाला, ऑक्सिजन दोन लिटरवरून चार लिटर लागला, स्कोअर तोच राहिला तरी पेशंट खाली चाललाय. न्यूमोनियात बिघडायचं ते बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत बिघडतं, म्हणून घरी पाठवलेल्यांना मी दुसऱ्या दिवशी फोन करायला सांगतो आणि ४८ तासांनी समोर बोलावतो, आणि परत कधी यायचं ते कागदावर मराठीत लिहून देतो: एक वाक्य बोलताना दम लागला, ओठ निळे दिसले, झोप आवरत नाही किंवा बडबड सुरू झाली, औषध पोटात राहत नाही, ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं. ॲडमिट पेशंटला घरी सोडताना मात्र कर्ब परत काढून उपयोग नाही, ६५ च्या वरच्याचा तो एक राहणारच, तिथे बघायचं ते ताप ३७.८ च्या खाली, नाडी १०० च्या आत, श्वास २४ च्या आत, वरचं बीपी ९० च्या वर, ऑक्सिजन साध्या हवेवर ९० किंवा वर, भान नेहमीसारखं आणि तोंडाने खाणं-औषध चालू.

गंभीर कोण हे लवकर ठरवण्याला आता उपचाराच्या दृष्टीनेही किंमत आली आहे. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात आयसीयूतल्या गंभीर न्यूमोनियाला लवकर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ वर आले, आणि त्यात पेशंट घेताना व्हेंटिलेटर, हाय-फ्लो ऑक्सिजन यांच्याबरोबर पीएसआय १३० च्या वर हाही एक निकष होता. फ्लूचे पेशंट त्यात नव्हते, तेव्हा स्वाइन फ्लूची शंका असताना हे तसंच्या तसं उचलू नका, आणि वॉर्डातल्या साध्या न्यूमोनियाला तर मुळीच नाही. म्हणजे स्कोअर आता औषधाच्या दारावरही उभा आहे, मग त्यातला युरिया चुकीच्या रकान्यात पडलेला परवडणार नाही.

आता तुमच्या मुलाकडे परत येतो. तुमच्या टेबलावर, त्या वेळी, मी काय केलं असतं ते सांगतो. श्वास ३२ आणि ऑक्सिजन ९१ हे दोन आकडे बघूनच घरी पाठवायचा विषय संपला असता, स्कोअर काढायच्या आधीच. ऑक्सिजन लावून ९४ च्या वर आणला असता, रक्त घेऊन पहिला अँटिबायोटिकचा डोस शिरेतून तिथेच दिला असता, पावसाळा असेल तर फ्लूचं औषध ओसेल्टामिविर पण सुरू करून घशाचा स्वॅब पाठवला असता, आणि दोन तासांनी श्वास परत मोजला असता. तीन मायनर निकष असल्यामुळे तुमच्याकडे आयसीयू नसेल तर त्याच संध्याकाळी, तो बोलत-चालत असतानाच, ऑक्सिजनसकट ॲम्ब्युलन्सने पुढे पाठवला असता, कारण असा पेशंट हलवायचा तर दमायच्या आधी. रेफरच्या चिठ्ठीवर नुसतं न्यूमोनिया न लिहिता श्वास किती, ऑक्सिजन किती लिटरवर किती, प्लेटलेट किती, किती वाजता मोजलं हे लिहिलं असतं, पुढच्या डॉक्टरला तेच हवं असतं.

तो मुलगा घरी आला असेल तर सहा आठवड्यांनी त्याचा एक्सरे परत काढा, डाग पूर्ण गेले नसतील तर थुंकी टीबीच्या सीबीनॅट तपासणीला पाठवा, एचआयव्ही आणि साखर तपासली नसेल तर तीही आत्ता करून घ्या, आणि त्याच्या आईला एकदा बोलावून घरात अजून कुणाला खोकला आहे का ते विचारा.